पहिली प्रोग्रॅमिंग भाषा : नवशिक्यासाठी झालेल्या निवडीचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : प्रोग्रॅमिंग शिक्षण, फोरट्रान, बेसिक, पास्कल, लोगो, पायथन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती निवडावी, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न केवळ तांत्रिक आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि त्याचा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. संगणक कोणासाठी आहे आणि तो कशासाठी शिकवावयाचा, याविषयीची त्या त्या काळातील भूमिका या निवडीतून व्यक्त होत आली आहे. प्रस्तुत लेखात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या या निवडीचा आढावा घेतला असून भारतातील अनुभवाचाही थोडक्यात विचार केला आहे.

फोरट्रानचा काळ

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीतील गटाने तयार केलेली फोरट्रान ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. गणिती सूत्रे जवळजवळ सूत्रांच्याच रूपात यंत्रास सांगण्याची सोय तिच्यामुळे झाली. परंतु ती वैज्ञानिक व अभियंते यांच्यासाठी निर्माण झालेली भाषा होती. चलाच्या नावाचे पहिले अक्षर ‘आय’ ते ‘एन’ यांपैकी असल्यास ते चल पूर्णांकी मानले जाई. उत्तर छापून घेण्यासाठीही त्याचा आराखडा स्वतंत्रपणे लिहावा लागे. कार्यक्रम छिद्रित पत्त्यांवर उतरवून संगणक केंद्रात द्यावयाचा आणि निकालाची प्रतीक्षा करावयाची, अशी पद्धत होती. एखादा स्वल्पविराम चुकला तरी तो सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे. अशा व्यवस्थेत चुकांमधून शिकण्याची संधी नवशिक्याला क्वचितच मिळत असे.

भारतातील आरंभही याच भाषेने झाला. आयआयटी कानपूर येथे १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक बसविण्यात आला आणि तेथे फोरट्रानचे वर्ग सुरू झाले. या कार्यात अग्रभागी असलेल्या व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी पुस्तके सहज न मिळण्याच्या त्या काळात अशा भारतीय पाठ्यपुस्तकाचे महत्त्व मोठे होते.

बेसिक : सर्वांसाठी संगणक

नवशिक्यालाच केंद्रस्थानी ठेवून भाषा रचण्याचा सर्वांत परिणामकारक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात झाला. तेथील गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ यांच्यापुढील अडचण स्पष्ट होती. कॉलेजातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञान वा अभियांत्रिकीचे नव्हते. परंतु पुढे प्रशासनात व उद्योगात निर्णय घेणारे त्यांच्यातूनच निर्माण होणार होते. त्यांना संगणकाचा परिचय नसणे धोक्याचे ठरेल, असे या दोघांचे मत होते. १ मे १९६४ रोजी पहाटे बेसिकमधील पहिले कार्यक्रम डार्टमथ येथे चालविण्यात आले.

बेसिकचे यश केवळ तिच्या मोजक्या विधानांत नव्हते. तिच्यात सर्व संख्या एकाच प्रकारच्या मानल्या जात, त्यामुळे पूर्णांक व अपूर्णांक यांचा भेद नवशिक्याला आरंभीच शिकावा लागत नसे. त्याहून महत्त्वाची होती ती कालविभाजनाची पद्धत. एकच संगणक अनेक टंकयंत्रांना जोडलेला असे आणि विद्यार्थ्याला उत्तर थोड्याच वेळात समोर मिळे. चूक करणे स्वस्त झाले, हा या बदलाचा खरा अर्थ होय.

शिस्तीचा आग्रह आणि मुक्त शोध

१९७० च्या दशकात घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासोबत बेसिक घरोघरी पोहोचली. मात्र या आवृत्त्यांत ‘गो टू’ या आज्ञेचा मुक्त वापर होई. त्यामुळे लांबलचक कार्यक्रमांचा गुंता उलगडणे कठीण जाई. डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्येच या आज्ञेवर टीका केली होती. १९७५ च्या एका टिपणात तर, बेसिकची सवय जडलेल्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकविणे जवळजवळ अशक्य आहे, असा कठोर अभिप्राय त्यांनी नोंदविला. पुढील काळात बेसिकपासून आरंभ केलेल्या असंख्य व्यक्ती कुशल प्रोग्रॅमर झाल्या, हे पाहता तो अभिप्राय अतिशयोक्त ठरतो. तरीही पहिल्या भाषेतून विचारांची सवय घडते, हा त्यामागील मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्वतः केमेनी व कर्ट्झ यांनीही १९८५ मध्ये बेसिकच्या प्रचलित विकृत रूपांवर टीका करून सुधारित आवृत्तीचा पुरस्कार केला.

शिस्तीच्या या अपेक्षेला उत्तर म्हणून झुरिक येथील निकलाउस विर्थ यांची पास्कल ही भाषा पुढे आली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भाषेत चलाचा प्रकार आधी घोषित करणे आणि कार्यक्रमाची सुघटित मांडणी करणे यांवर भर होता. अनेक विद्यापीठांनी ती पहिली भाषा म्हणून स्वीकारली.

याच सुमारास लहान मुलांसाठी निराळी वाट शोधली जात होती. वॉली फर्झाइग, सेमूर पेपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये लोगो ही भाषा तयार केली. पडद्यावरील ‘कासवा’ला पुढे जाण्याच्या व वळण्याच्या आज्ञा देऊन मूल चौरस काढते. आकृती बिघडली तर चूक डोळ्यांना दिसते आणि ती दुरुस्त करण्यातच शिक्षण घडते, अशी ही भूमिका होती.

परीक्षा, उद्योग आणि पायथन

भाषेची निवड परीक्षा व उद्योग यांच्या प्रभावाखाली कशी येते, याचे उदाहरण अमेरिकेतील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेत आढळते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या संगणकशास्त्राच्या या परीक्षेची भाषा आरंभी पास्कल होती. १९९९ पासून सी++ आणि २००४ पासून जावा आली. उद्योगात जी भाषा चालते तीच वर्गात असावी, हा विचार यामागे प्रबळ होता. परंतु जावात एक ओळ छापण्यासाठीही नवशिक्याला ‘क्लास’, ‘पब्लिक’, ‘स्टॅटिक’ असे शब्द अर्थ न कळता लिहावे लागत. समजून घेण्याआधी पाठ करण्याची पाळी त्याच्यावर आली.

पायथनचा उदय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. गिडो व्हान रोसम यांनी ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्थेत एबीसी या अध्यापनासाठीच्या भाषेवर काम केले होते. त्या अनुभवातून त्यांनी घडविलेली पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रकाशित झाली. ती शिकण्यास सुलभ आणि व्यवहारातही उपयुक्त असल्याने जुना वाद बराचसा निवळला. २०१४ मधील एका पाहणीनुसार अमेरिकेतील ३९ अग्रगण्य संगणकशास्त्र विभागांपैकी २७ विभागांत प्रास्ताविक अभ्यासक्रमासाठी पायथनचा वापर होत होता.

भारतातील अनुभव

भारतातील शाळांत १९८४ पासून राबविलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे संगणक व त्यांच्यासोबत बेसिक ही भाषा आली. पुढे उच्च माध्यमिक स्तरावर सी++ रुजली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१० च्या दशकात तिची जागा टप्प्याटप्प्याने पायथनला दिली. मात्र भाषा बदलली म्हणजे अध्यापन बदलते असे नाही. प्रयोगवहीत कार्यक्रम उतरवून परीक्षेत तोच लिहिणे ही पद्धत कायम राहिल्यास कोणतीही भाषा पाठांतराचा विषय बनते.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात सी++ हीच भाषा ठेवली. परंतु आरंभ लोगोच्या धर्तीवरील कासवाच्या चित्रांनी केला. अवघड समजल्या जाणाऱ्या भाषेचाही प्रवेश सुकर करता येतो, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष

१. फोरट्रान तज्ज्ञांसाठी, बेसिक सर्वांसाठी, पास्कल शिस्तीसाठी आणि जावा उद्योगासाठी निवडली गेली. म्हणजेच ‘उत्तम भाषा कोणती’ याचे उत्तर ‘शिकणारा कोण’ या प्रश्नावर अवलंबून राहिले.

२. बेसिक, लोगो व पायथन यांच्या यशात एक समान सूत्र आढळते : विद्यार्थ्याला लवकर प्रतिसाद मिळतो आणि चूक करण्याची भीती कमी होते.

३. कोणतीही पहिली भाषा शेवटची ठरलेली नाही. आवर्तन, अटी, कार्याचे विभाजन या संकल्पना मात्र भाषा बदलली तरी टिकून राहतात. म्हणून अभ्यासक्रम ठरविताना भाषेच्या नावापेक्षा या संकल्पना विद्यार्थी स्वतः प्रयोग करून समजून घेईल की केवळ लिहून काढील, याचा विचार अगोदर होणे आवश्यक आहे.