तबकडीचा वेग आणि गायकाची पट्टी
आज सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तयार ध्वनिमुद्रणाचा स्वर लयीला धक्का न लावता चढवता-उतरवता येतो. ग्रामोफोनला ते साधत नसे. चावी संपत आली की तबकडी मंदावे आणि साथीसकट सारे गाणे खाली घसरे.

१९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुद्रणाचा वेगही एकसारखा नव्हता. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली, तर सफेद एकची पट्टी जवळपास काळी एक होते, लयही वाढते. म्हणून अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५च्या सुमाराच्या मुद्रणांवरून त्यांची पट्टी ठरवण्याआधी तबकडीचा मूळ वेग शोधावा लागतो. पेटीची साथ असल्यास तिच्या स्थिर सुरांचा आधार मिळतो. पण ती पेटी कोणत्या पट्टीला जुळवलेली होती?