हाडवैद्याचा हात आणि रोग्याचे काम

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर हलकेच लाथ मारून घ्यावी, हा उपाय महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. एरवी ज्याला कोणी विचारत नाही अशा माणसालाही या एका गुणामुळे शेजारपाजारचे लोक अदबीने बोलावणे पाठवितात. आणि पुष्कळदा रोगी खरोखरच उठून चालू लागतो. त्याचे श्रेय लाथेला द्यावे की उसणीच्या स्वभावाला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. बहुतेक उसणी काही दिवसांत आपोआप उतरतात. चौथ्या दिवशी लाथ खाल्ली, तर पाचव्या दिवशीचा आराम लाथेच्या नावे जमा होतो.

मला आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ती दुखणी अशी पाचव्या दिवशी उतरणारी नव्हेत. वर्षानुवर्षे धरलेली कंबर, जिना उतरताना बोलणारे गुडघे, आखडलेला खांदा, सकाळी उघडत नाहीत अशी संधिवाताची बोटे, ही ती दुखणी. त्यांनी माणूस मरत नाही, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांना मानाचे पान मिळाले नाही. पण २०२० साली जगभरात नुसत्या कंबरदुखीने त्रस्त झालेल्यांची संख्या सुमारे ६२ कोटी होती, असा अंदाज आहे. अशा रोग्यांना ज्यांनी हात लावला, ते बहुधा पदवीधर वैद्य नव्हते. या हात लावणाऱ्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडे या विद्येची पोथी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा प्रकार आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. हाड ओढून जागेवर कसे आणावे, बांबूच्या वा झाडाच्या सालीच्या पट्ट्या कशा बांधाव्या, हेही त्यात आहे. परंतु कालांतराने पोथी एकीकडे राहिली आणि हात दुसरीकडे गेला. पोथी वैद्यांच्या घरी राहिली. हात गेला तालमीत, धनगरवाड्यावर आणि हाडवैद्याच्या ओसरीवर. कुस्तीत खांदा निखळला तर वस्तादच तो बसवीत असे. हे कसब खोटे नव्हते. नुकताच निखळलेला सांधा जाणत्या हाताने वेळीच बसविला, तर रोग्याला जो आराम पडतो तो खराच असतो.

तथापि या कसबाला दोन मोठ्या मर्यादा होत्या. एक म्हणजे कातड्याखाली काय आहे हे हाताला नेहमी कळत नाही. मोडलेल्या हाडावर पट्ट्या करकचून बांधल्यामुळे रक्तप्रवाह बंद पडून हात वा पाय सडल्याची उदाहरणे आपल्या इस्पितळांतील शल्यवैद्यांना चांगली परिचित आहेत. आपल्या देशात पुष्कळ आढळणारा कण्याचा क्षय हाही आरंभी साध्या पाठदुखीच्याच वेषात येतो, आणि अशा कण्याला रगडणे म्हणजे रोग्याला लुळेपणाकडे ढकलणे. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. हाडवैद्याची सारी विद्या ‘बसविण्याची’ होती. जे निखळलेलेच नाही, नुसते झिजले, आखडले वा दुर्बळ झाले आहे, त्याला बसविणार काय? अशा रोग्याला तो तेल चोळून घरी पाठवी.

विलायतेत याहून निराळी स्थिती नव्हती. तेथील हाडवैद्यांवर डॉक्टरमंडळी तुटून पडत असताना १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने एका व्याख्यानाचा विषयच असा घेतला, की हाडवैद्य बरे करतात ते रोगी कोणते? त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की हे लोक नुकसान करतात हे खरे. परंतु आपण ज्यांना महिनोन्‌महिने विश्रांती सांगून आखडवून ठेवतो, त्यांतील काहींना ते हालवून मोकळे करतात हेही खरे. तेव्हा त्यांचे चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा. एवढा न्यायीपणा त्या काळच्या वैद्यकात विरळाच म्हणावा लागेल.

पॅजेटचा हा सल्ला एका घराण्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेला दिसतो. वेल्समधील अँगलसी बेटावरचे थॉमस घराणे पिढीजात हाडवैद्यांचे होते. त्यांतील इव्हान थॉमस लिव्हरपूलला आला. आपली मुले पदवीधर डॉक्टर व्हावीत असा त्याने आग्रह धरला. त्याचा मुलगा ह्यू ओवेन थॉमस याने घरचे कसब आणि विद्यापीठातील विद्या एकत्र केली, आणि त्याच्या नावाची पायाची पट्टी आजही शल्यवैद्य वापरतात. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या रॉबर्ट जोन्सने पहिल्या महायुद्धात तीच पट्टी वापरात आणविली, तेव्हा मांडीचे हाड मोडलेले असंख्य सैनिक वाचले. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राच्या वंशवृक्षाच्या एका मुळाशी असा एक हाडवैद्य बसलेला आहे.

अमेरिकेत मात्र हाडवैद्यकाने निराळी वाट धरली. तेथे त्याचे स्वतंत्र पंथ झाले. १८७४ पासून अँड्र्यू टेलर स्टिल याने ऑस्टिओपथीचा पुरस्कार केला. पुढे १८९५ साली आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर याने हार्वे लिलार्ड या इमारतीतील रखवालदाराच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असे जाहीर केले. हा पामर पूर्वी किराणा विकीत असे व नंतर चुंबकशक्तीने रोग बरे करी. शंभरांतील पंचाण्णव रोग मणके सरकल्यामुळे होतात, असा त्याचा सिद्धांत होता. कायरोप्रॅक्टिक या शास्त्राचा, किंवा पंथाचा म्हणा, जन्म तो असा झाला. परवान्यावाचून धंदा केल्याबद्दल १९०६ साली पामर तुरुंगातही जाऊन आला.

तो सिद्धांत शास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मणका दाबताना जो ‘कट्ट’ असा आवाज होतो, त्याने रोग्याची खात्री पटते की काहीतरी जागेवर बसले. वस्तुतः तो हाड बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात एकाएकी वायूची पोकळी निर्माण होते, तिचा तो आवाज. १९४७ साली लंडनमधील दोन संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने बोटांच्या सांध्यांत हे तपासले. २०१५ साली कॅनडात चुंबकीय चित्रणाने ते पुन्हा दिसून आले. आपण बोटे मोडतो तेव्हा तेच होते. आणि कोणी आजवर बोटे मोडून बहिरेपणा घालविल्याचे ऐकिवात नाही.

असे असूनही हा पंथ टिकला, वाढला, आणि पुष्कळ बदललाही. अमेरिकन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने त्याच्यावर घातलेला बहिष्कार बेकायदा आहे, असा निर्णय १९८७ साली तेथील न्यायालयाने दिला. ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने या व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली. कंबरदुखीला त्यांच्या हाताने काही जणांना थोडाफार आराम पडतो, असे आजचे निःपक्षपाती संशोधनही सांगते. पण तो आराम व्यायामाने पडतो त्याहून विशेष अधिक नसतो. मानेला झटका देताना क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो, हा धोकाही त्याच संशोधनाने नोंदविला आहे. मला वाटते, या पंथाच्या टिकण्याचे खरे कारण आवाजात नसून वेळात आहे. डॉक्टर दोन मिनिटांत क्ष-किरणाचे चित्र पाहून ‘वयोमानाने असे व्हायचेच’ म्हणतात. हा दुसरा माणूस रोग्याचे ऐकून घेतो आणि दुखऱ्या जागेवर हात ठेवतो. ज्याचे दुखणे कोणी खरे मानीत नाही, त्याला एवढेही पुष्कळ असते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. जुनाट दुखण्याच्या उपचाराला आपल्याकडे जे खरे वळण लागले, ते येथे, आणि जेमतेम पाच-सहा वर्षांत. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले होते. युद्धानंतर मुंबईत पोलिओने अनेक मुलांचे पाय लुळे केले. या मुलांना बसवावयाचे असे काहीच नव्हते. त्यांना शिकवावयाचे होते.

हे काम हाती घेणाऱ्यांत कमलाबाई निंबकर हे नाव अग्रभागी आहे. त्या जन्माने अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० च्या सुमारास भारतात आल्या, कमला झाल्या आणि मराठी घरात नांदल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. आपल्या देशातील ही पहिलीच शाळा होती. १९५२ साली व्यवसायोपचार करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाची पायाभरणी झाली तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. त्या महासंघाची पूर्वतयारीची सभा भरली लिव्हरपूलला, म्हणजे थॉमस हाडवैद्याच्याच गावी. हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

व्यवसायोपचार या शब्दाने घोटाळा होतो. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणसाच्या दिवसभरातील सारे उद्योग. वेणी घालणे, पोळी लाटणे, सदऱ्याची गुंडी लावणे, मागावर धोटा फेकणे, हे सगळे त्यात येते. बोटे वाकली असतील तर लाटण्याची मूठ जाड करावी, खाली बसवत नसेल तर चूल ओट्यावर घ्यावी, आणि जे काम जमत नाही त्याच्याच लहान लहान तुकड्यांचा सराव करावा. काम हेच औषध. परळच्या गिरणगावात, जेथे हात थांबला की पगार थांबे, तेथे ही कल्पना लोकांना निराळी समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

मागोमाग १९५३ साली त्याच के. ई. एम. रुग्णालयात केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची, म्हणजे भौतिकोपचाराची, देशातील पहिली शाळा निघाली. १९५५ साली हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. या साऱ्या संस्थांचा रोख एकच होता. उपचार करणाऱ्याचा हात वाट दाखवील, पण चालावयाचे रोग्याने. मांडीचे स्नायू बळकट झाले की झिजलेल्या गुडघ्यावरचा भार हलका होतो. ते बळ दुसरा कोणी आणून देऊ शकत नाही.

याच विचाराकडे महाराष्ट्रातील दोन योगाभ्यासी निराळ्या दिशेने आले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांपाशी शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला. १९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठरलेल्या शरीरालाही आसन करता येईल अशी सोय केली. त्या ठोकळ्यांत आणि परळच्या जाड मुठीच्या लाटण्यात मला फार अंतर दिसत नाही.

आमच्या दिल्लीत या इतिहासाचे सगळे थर एकाच वेळी पाहावयास मिळतात. कस्तुरबा गांधी मार्ग हा पूर्वीचा कर्झन रोड. त्याच्यावर २०१३ साली आपले नवे महाराष्ट्र सदन उभे राहिले. आजूबाजूच्या उंच इमारतींत हजारो माणसे दिवसभर खुर्चीला खिळून असतात. फायलीची जागा पडद्याने घेतली, पण मान वाकविण्याची रीत तीच राहिली. यांतील ज्याची मान धरते, त्याला येथून थोड्याच अंतरावर, जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांत, हाडे जोडणाऱ्या पहिलवानांच्या पाट्या दिसतील. विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाव लाभलेल्या मार्गावर, १९७५ पासून केंद्र सरकारच्या अखत्यारीत असलेली शारीरिक अपंगत्वावरील राष्ट्रीय संस्था आहे. तेथे भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार शिकविले जातात. आणि खिशातील दूरध्वनीवर माना मोडून दाखविणाऱ्यांची चलच्चित्रे तर अखंड चालू असतात. त्यांत तो ‘कट्ट’ आवाज मुद्दाम मोठा करून ऐकवितात. सहा महिन्यांनी त्या रोग्याचे काय झाले, हे त्यांत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रोग्याला दुखण्याची समज देणे, व्यायाम, मनोबळ वाढविणारे उपचार, आणि जोडीला मणक्यांवरील हस्तोपचार व मर्दन, यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ओढणे आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे त्या सांगतात. म्हणजे हस्तोपचाराला पंगतीत पान आहे, पण यजमानपद नाही. पॅजेटने १८६७ साली जी वाटणी सुचविली होती, तिच्यापासून हे फार दूर नाही.

कायद्याला यायला मात्र वेळ लागला. परळची शाळा निघाल्यानंतर सत्तरएक वर्षांनी, २०२१ च्या मार्च महिन्यात, संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला, आणि भौतिकोपचार व व्यवसायोपचार करणाऱ्यांना देशव्यापी नोंदणीचा आधार मिळाला. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे ब्रिटनसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे दारावरच्या पाटीमागे परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला माणूस आहे की दोन आठवड्यांचा वर्ग केलेला, हे पाटीवरून कळत नाही. ते रोग्यालाच विचारून घ्यावे लागते, आणि तेही पालथे निजण्यापूर्वी.