डी नदीचे मंडळ

* लेखकाने इथे उल्लेखिलेले ‘मंडळ’ म्हणजे स्कॉटलंडमधील डी नदीचे सॅमन मत्स्यमंडळ. अशी मंडळे १८६० च्या दशकातील कायद्यांनी अस्तित्वात आली. त्यांचा जिल्हा महसुली नसतो. नदी, तिच्या उपनद्या आणि लगतचा किनारा मिळून तो होतो. मासेमारीचे हक्क असलेल्या मालकांकडून पट्टी घेऊन मंडळ पहारेकरी नेमते. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्याच नदीत परततो. त्यामुळे एका नदीतले नुकसान शेजारच्या नदीतून सहज भरून निघत नाही. प्रत्येक नदीचा साठा वेगळा जपावा लागतो. २०१६ पासून सरकार नद्यांची प्रतवारी करते. तिसऱ्या प्रतीच्या नदीत धरलेला प्रत्येक सॅमन परत सोडणे सक्तीचे आहे. डी नदीवर गळ टाकणाऱ्यांनी मासे परत सोडण्याची ही शिस्त १९९० च्या दशकातच स्वेच्छेने स्वीकारली होती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. पण तेवढ्याने भागत नाही. वरच्या अंगाचे उघडे ओढे उन्हाळ्यात तापतात आणि पिलांना ते सोसत नाही, म्हणून काठाने झाडे लावण्याचे काम तिथे चालू आहे. — संपा.