आपली पहिली मालमोटार

प्रत्येक समाजाच्या वाटचालीत काही टप्पे असे असतात की, ते ओलांडले जात असताना इतिहास घडत आहे याची जाणीव कोणासही नसते. पहिला पदवीधर, पहिला वकील, पहिला सरकारी अधिकारी यांच्या नोंदी आपण आपल्या स्मरणिकांतून आवर्जून करीत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पदवीधरांच्या शाळेची फी ज्या मिळकतीतून भरली गेली, ती मिळकत आपल्यांतील कित्येक घरांत एका जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या मालमोटारीची होती. त्या मालमोटारीची नोंद मात्र आपण कोठेही ठेवलेली नाही. ती कशी आली, कोणाच्या पैशाने आली आणि कोणाच्या शहाणपणाने टिकली, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मालवाहतूक हा आपल्या प्रांतातील फार जुना व्यवसाय. घाटवाटा बैलगाडीस अशक्य होत्या, तोवर धान्य आणि मीठ लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जात-येत असे. सन १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देश व कोकण यांमधील व्यापारात चाकाचा शिरकाव झाला. पुढे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून वर आली. त्यामुळे लांब पल्ल्याची वाहतूक रेल्वेने नेली, हे खरे. तथापि गाडीवानाचा धंदा त्यामुळे बुडाला, असे म्हणता येणार नाही. कारण आगगाडी स्टेशनापर्यंतच येते. स्टेशनापासून पेठेपर्यंत आणि पेठेपासून गावापर्यंत माल नेणारा कोणी तरी लागतोच. व्यापाऱ्याचा माल ठरलेल्या दराने, आपल्या जबाबदारीवर पोहोचविण्याचा मक्ता घेणारे हुंडेकरी आणि त्यांच्यासाठी गाडी जोडणारे गाडीवान, या दोघांच्या आधारावर ही वाहतूक चालत असे. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या वर्गातील होते. बैलजोडी आपली, गाडी आपली, परंतु भाडे दुसऱ्याने ठरविलेले, अशी ती स्थिती होती.

मोटारीने ही घडी मोडली. मोटार वाहनांचा सन १९३९ चा कायदा आला. मोबदला घेऊन दुसऱ्याचा माल नेणाऱ्यास त्या कायद्याने परवाना घेणे आवश्यक झाले, आणि तो परवाना देण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे गेला. लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. युद्ध संपल्यावर लष्कराजवळ उरलेल्या मालमोटारी सरकारने विक्रीस काढल्या. लष्करी हिरव्या रंगाच्या या गाड्या प्रथम ज्यांच्याजवळ रोख पैसा होता त्यांनी घेतल्या, त्यांच्याकडून दलालांकडे गेल्या आणि दलालांकडून हळूहळू लहान माणसाच्या आवाक्यात आल्या. नवी गाडी श्रीमंताची व तिसऱ्या हातची गाडी गरिबाची, हा क्रम तेव्हापासून सुरू झाला आणि आजतागायत तो बदललेला नाही.

याच सुमारास दोन घटना घडल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. धावू लागली आणि उतारूंची वाहतूक क्रमाक्रमाने खाजगी मालकांच्या हातून सरकारकडे गेली. मालाची वाहतूक मात्र खाजगीच राहिली. ज्यास मोटारीच्या धंद्यात शिरावयाचे होते, त्याच्यापुढे मालमोटार हाच मोकळा मार्ग उरला. दुसरी घटना म्हणजे सन १९५४ मध्ये टाटांच्या कंपनीने डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेलच्या मालमोटारी तयार करण्यास आरंभ केला. डिझेल गाडीस इंधनाचा खर्च कमी. साहजिकच मोठे वाहतूकदार तिकडे वळले आणि त्यांच्या जुन्या पेट्रोल गाड्या विक्रीस निघाल्या. या गाड्या स्वस्त मिळत. परंतु त्या का स्वस्त मिळतात, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःस विचारणे जरूर होते. ज्या गाडीचे पेट्रोल पुरविणे श्रीमंतास परवडत नव्हते, तीच गाडी गरिबाच्या दारात स्वस्ताई म्हणून येत होती.

काम मात्र भरपूर होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतरत्रही कारखाने निघाले. ऊस कारखान्याकडे व साखर बाजाराकडे नेणे जरूर झाले. कोयना धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. कऱ्हाडचा गूळ, लासलगावचा कांदा, सांगलीची हळद हा सर्व माल वाहनाची वाट पाहत होता. म्हणजे अडचण भाड्याची नव्हती, भांडवलाची होती. बँकेचे दार गाडीवानास उघडे नव्हते. सावकार जमीन मागे. हायर-परचेसच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकी पैसे देणाऱ्याकडेच राही, आणि हप्ते चुकले तर भरलेले पैसे व गाडी या दोहोंस मुकावे लागे. यास्तव बहुतेक घरांनी तिसरा मार्ग धरला. दोघातिघांनी पाती ठेवावयाची, बैलजोडी विकावयाची आणि उरलेली रक्कम घरातील स्त्रियांच्या अंगावरील सोन्यातून उभी करावयाची.

येथे घरची एक हकीकत सांगतो. ती आमच्या एकट्याची नसावी. डिझेलच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या त्या दिवसांत माझे आजोबा, त्यांचे मेहुणे व शेजारचे एक ज्ञातिबांधव अशा तिघांनी मिळून एक जुनी पेट्रोल मालमोटार घ्यावयाचे ठरविले. आजोबांच्या पातीस रक्कम कमी पडत होती. त्यांनी आजीपाशी पाटल्यांचा जोड मागितला. आजी अक्षरशत्रू होती. तिने एक पाटली काढून दिली आणि म्हणाली, "ही एक न्या. दुसरी आता मागू नका. गाडी रस्त्यात बसेल त्या दिवशी ती लागेल." आजोबांस राग आला. पहिल्या दिवशीच गाडी बसण्याची भाषा अशुभ, असे मेहुण्यांनीही बोलून दाखविले. अखेर मेहुण्यांनी आपली पात वाढविली आणि गाडी आली. तिच्यावर ताजा रंग होता. हार घातला, नारळ फोडला, तिघांनी पुढे उभे राहून छायाचित्र काढविले. ते छायाचित्र आजही आमच्या घरी आहे.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात कऱ्हाडहून पुण्यास गूळ घेऊन जाताना सुरूरच्या पुढे खंबाटकीच्या चढावर गाडी बसली. मिस्त्री आला, त्याने खाली शिरून पाहिले आणि सांगितले की, चेसिसच्या तुळईस जुनी चीर आहे. ती झाळून वरून रंग दिलेला आहे. ताज्या रंगाचा अर्थ त्या दिवशी कळला. दलालाने हात वर केले. गूळ व्यापाऱ्याचा होता. तो वेळेवर पोहोचला नसता तर भाडे तर गेलेच असते, परंतु पुढचे कामही गेले असते. दुसरी गाडी भाड्याने बोलावून ढेपा तीत चढविणे, हमाली देणे, तुळईस नवी पट्टी बसविणे या सर्वांस रोख पैसा हवा होता. तिघांपैकी कोणाजवळही तो नव्हता. त्या रात्री आजीची दुसरी पाटली गहाण पडली आणि तिच्यावर गूळ पुण्यास पोहोचला. तो व्यापारी पुढे पुष्कळ वर्षे आमच्याकडेच माल देत राहिला. ती पाटली आजीने दीड वर्षाने सोडवून आणविली; पहिली मात्र कधीच परत आली नाही.

या हकीकतीतील तात्पर्य उघड आहे. जुन्या गाडीची किंमत आणि जुन्या गाडीचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. जवळचा सर्व पैसा किमतीत घालणारा मनुष्य गाडी विकत घेतो, परंतु धंदा विकत घेत नाही. सहा चाकांच्या गाडीस सहा टायर व एक जादा लागतो. विमा, कर, परवाना व क्लीनरचा पगार गाडी उभी असली तरी चुकत नाही. ज्यांचे धंदे बुडाले त्यांतील बहुतेकांच्या हाती पहिल्या मोठ्या बिघाडाच्या दिवशी पैसा नव्हता, असेच जुन्या मंडळींच्या बोलण्यातून ऐकू येते.

जुन्या जाणत्या मंडळींची गाडी पारखण्याची रीतही नोंदवून ठेवण्यासारखी आहे. गाडी पहाटे, इंजिन थंड असताना पाहावी. कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपविते. धूर निळसर असेल तर तेल जळत आहे असे समजावे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर मोह सोडून परत यावे. टायर एकाच कडेने झिजले असतील तर पुढील ॲक्सल व किंगपिन यांची शंका घ्यावी. पाट्यांची पाने मोजावीत व मोडके पान आहे काय ते पाहावे. ताजा रंग दिसेल तेथे खिळ्याने खरवडून पाहावे. चेसिसवरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. आणि शेवटची परीक्षा म्हणजे गाडी माल भरून चढावर न्यावी, रिकामी सपाटीवर नव्हे. मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याचा नसावा, हे तर सांगावयासच नको.

कागदांच्या बाबतीत आपली मंडळी अधिक फसली. गाडी घेतली म्हणजे परवानाही आला, असा समज सार्वत्रिक होता. वस्तुतः १९३९ च्या कायद्याप्रमाणे प्राधिकरणाच्या अनुमतीवाचून परवाना दुसऱ्याच्या नावे होत नसे, आणि १९८८ च्या कायद्यातही तोच नियम कायम आहे. कित्येकांनी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्याच नावावर गाडी चालविली. ही हयगय विकणाऱ्यासही भोवते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याचेच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. मग ती गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदललेली असो. यास्तव देणाऱ्याने व घेणाऱ्यानेही नावाचा बदल झाल्यावाचून स्वस्थ बसू नये. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद पुस्तकावर पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

पुढील काळात परिस्थिती पुष्कळ पालटली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि लहान वाहतूकदारास द्यावयाचे कर्ज अग्रक्रमाच्या कर्जांत गणले जाऊ लागले. १९७९ मध्ये मद्रास येथे श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स कंपनी निघाली. जुन्या मालमोटारीवर एकेका चालकास कर्ज देणे हाच तिने आपला मुख्य व्यवसाय केला. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा अमलात आला व मालवाहतुकीचे परवाने मिळणे सुलभ झाले. २००५ मध्ये टाटांची एस ही छोटी चारचाकी मालगाडी बाजारात आली आणि घरटी एक गाडी ही गोष्ट शक्य कोटीतील झाली. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीस तर परवान्याचीही आवश्यकता नाही. पूर्वी भांडवल मिळत नसे. आता कर्ज दारी चालून येते. म्हणून आजच्या तरुणापुढील धोका निराळा आहे. त्याच्या आजोबांस पैसा कमी पडला. त्यास हप्ता जास्त पडण्याची भीती आहे. गाडी महिन्यातून किती दिवस उभी राहील, याचा हिशेब न करता जो हप्ता ठरवितो, तो दोन्ही पाटल्या पहिल्याच दिवशी देऊन टाकतो, असेच म्हटले पाहिजे.

शेवटी एक विनंती. आमच्या घरातील त्या छायाचित्रात तीन पुरुष व एक मालमोटार आहे. नोंदणीच्या पुस्तकात पुढे आजोबांचे नाव चढले. पातीच्या वहीत तिघांची नावे आहेत. आजीचे नाव कोठेही नाही. सराफाच्या गहाणाच्या चिठ्ठीवरदेखील ते नाही. तेथे आजोबांचे आहे. अशा चिठ्ठ्या, पातीच्या वह्या, जुनी परवाना-पत्रे, छायाचित्रे आपल्या अनेक घरांतील माळ्यावर पडून असतील आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडीथोडी नाहीशी होत असतील. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ती जपावीत, त्यांच्या प्रती आपल्या संस्थेकडे द्याव्यात, आणि प्रत्येक गाडीच्या नोंदीपुढे ती कोणाच्या दागिन्यावर आली हेही लिहून पाठवावे. घरातील वृद्ध स्त्रियांस हे विचारावयाचे असेल तर विलंब करू नये. आजीस मी विचारले नाही. ही सर्व हकीकत मला तिच्या पश्चात वडिलांकडून कळली.