तळ्यातला गणपती आणि पाण्याची वाट

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळे मात्र कुठे दिसत नाही. ते पाहायचे तर इंग्रजी अमदानीतला पर्वतीचा एखादा फोटो शोधावा लागतो. मागे टेकडी, पुढे दूरवर पसरलेले पाणी आणि मध्ये झाडीने भरलेले बेट.

हे तळे नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून करवले. बेटावर गणपती बसला तो १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात. नानासाहेबांच्याच कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून शहरातल्या हौदांपर्यंत आले. त्याआधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मलिक अंबरने खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, अशीच भूमिगत नहर खेळवली होती. दख्खनमधले पाण्याचे शहाणपण कुण्या एका धर्माची मिरासदारी नव्हती.

इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासल्याला धरण बांधून मुठेचे दोन कालवे काढले. डाव्याची शहरात मुख्यतः ‘कॅनॉल रोड’ या नावातच आठवण उरली आहे. उजवा अजूनही पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसरकडे वाहतो.

तळे गेले, बाग झाली. ओढ्याचे पात्र आवळत गेले आणि त्याच्या काठावर, जिथे घर परवडले तिथे, कष्टकऱ्यांनी संसार मांडले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटली. दांडेकर पुलाजवळच्या शेकडो घरांत पाणी शिरले. भांडीकुंडी, मुलांची दप्तरे, कागदपत्रे वाहून गेली. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. त्यात माणसेही गेली.

दोन्ही वेळा पाणी उताराच्या जुन्या वाटेनेच धावले. आपण या घटनांना नैसर्गिक आपत्ती म्हणून मोकळे होतो. पण कालव्याची भिंत सांभाळणे हे निसर्गाचे काम नाही आणि ओढ्याचे पात्रही पावसाने अरुंद केलेले नाही.

जुना फोटो पाहून ‘किती सुंदर होते पुणे’ असे आपण हळहळतो. त्याच फोटोत पाण्याला किती जागा लागते, हेही दिसते. ती जागा कुणी घेतली, त्यातून कुणाचा फायदा झाला आणि पाणी परत आले तेव्हा कुणाचे घर बुडाले, हे विचारल्याशिवाय फोटो पुरता पाहिला असे होत नाही.