कूलंटगळती, गिअरबॉक्समधील

ऑटोमॅटिक मोटारीच्या रेडिएटरमधले कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात मिसळल्याने होणारा बिघाड. फुटतो तो हजारांतला भाग, निकामी होतो लाखांतला. म्हणूनच वॉरंटीचे भांडण ‘आधी काय बिघडले, आणि कशामुळे’ इथे येऊन अडते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचे तेल चढावर चांगलेच तापते. ते गार करण्यासाठी अनेक गाड्यांत रेडिएटरच्या कडेच्या टाकीतच तेलाचा छोटा कूलर बसवलेला असतो. त्याला चीर गेली की तेल आणि कूलंट एकत्र येतात. पाणी क्लचच्या कागदी अस्तरात मुरते, ग्लायकॉल अस्तराचा गोंद सुटा करते. गाडी आधी थरथरते, मग गिअर घसरू लागतात. लाल तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे दुधाळ गुलाबी दिसले, की निदान झालेच. मॅन्युअल आणि एएमटी गाड्यांत सहसा असा कूलर नसतो, त्यामुळे ही भीती नाही.

गाजलेले उदाहरण अमेरिकेतील निसानचे. 2005 ते 2010 च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांत हा दोष निघाला. कंपनीने रेडिएटरची वॉरंटी 8 वर्षे किंवा 80,000 मैलांपर्यंत वाढवली. सामूहिक दाव्यातील तडजोडीनंतर ही मर्यादा 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांवर गेली. मात्र वाढीव काळात दुरुस्तीतले काही हजार डॉलर मालकानेच सोसायचे होते.

आपल्याकडे हा धोका कसा वाढतो, ते दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात दिसते. सुट्ट्यांत इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. घाट चढून आलेली गाडी हौसेने पुळणीवर उतरते. चाके वाळूत गरगरू लागली की गिअरबॉक्सचे तेल भलतेच तापते. खारी हवा रेडिएटर खाते. कूलंट कमी दिसले की कोणीतरी विहिरीचे पाणी ओततो, आणि त्यात गंजरोधक नसतो. बहुतेक वॉरंटी पुस्तिका बाहेरच्या हवेने आलेला गंज, चुकीचे द्रव आणि गैरवापर वगळतात. नकाराची कारणे अशी आयती मिळतात.

त्यामुळे तेल गुलाबी दिसताच इंजिन बंद करून गाडी टो करणे श्रेयस्कर. तशीच दामटल्यास वाढलेले नुकसान मालकाच्या माथी येते. तेलाचा नमुना बाटलीत ठेवावा, फुटलेला कूलर गॅरेजात सोडू नये. जॉब कार्डावर नुसते ‘गिअर प्रॉब्लेम’ नको. ‘रेडिएटरमधील कूलर फुटून तेलात कूलंट’ असे लिहून घ्यावे. सर्व्हिसची बिले जोडावीत आणि नकार लेखी मागावा.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मुरुडच्या रहिवाशासाठी तो रत्नागिरी जिल्हा आयोग. मुंबईच्या पर्यटकाला तक्रारीसाठी रत्नागिरीला यावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीवाचून कळत नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मागणी मात्र बेताची हवी: क्लचच्या दोषावरून मारुती उद्योगविरुद्ध चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून मिळतो, अख्खी गाडी नव्हे.