भिंतीचा रंग : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

घराला रंग देणें ही गोष्ट आपल्याकडे दिवाळीशीं आणि लग्नकार्याशीं जोडली गेली आहे. मांडव घालण्यापूर्वीं भिंती उजळल्या पाहिजेत, असा वडीलधाऱ्या मंडळींचा आग्रह असतो. आणि मग दुकानांतील छटांची पुस्तिका चाळणें, शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं मतें घेणें, रंगाऱ्याशीं घासाघीस करणें हा सारा कार्यक्रम यथासांग पार पडतो. या वेळीं साधारणतः तीन प्रश्न विचारले जातात. छटा कोणती? टिकेल किती वर्षें? आणि खर्च काय येईल? रंगांत आहे तरी काय, हा चौथा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक ज्या चार भिंतींच्या आंत आपण जेवतों, निजतों आणि मुलें वाढवितों, त्यांना काय फासलें आहे हें जाणण्याचा हक्क आपलाच आहे. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत असंख्य घरांनीं मोजलेली दिसते. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

आपल्या देशांत सामान्य घराच्या भिंतीचा रंग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चुनाच होता. भट्टींत भाजलेला कळीचा चुना पाण्यांत विझवावयाचा, तो निवाला कीं गाळून पातळ करावयाचा, त्यांत थोडा डिंक किंवा सरस आणि पिवळटपणा झांकण्यासाठीं चिमूटभर नीळ घालावयाची, आणि कुंच्यानें दोनतीन हात द्यावयाचे, एवढीच ती कृति. पण या साध्या कृतींत रसायनशास्त्राचें एक मौजेचें चक्र पुरें होतें. भट्टीच्या आंचेनें चुनखडींतून निघून गेलेला कर्बवायु भिंतीवर वाळणारा चुना हवेंतून परत घेतो आणि पुन्हां दगड बनतो. शिवाय ताजा चुना तीव्र क्षारगुणाचा असल्यामुळें बुरशी आणि जंतु त्यांत सहसा तग धरीत नाहींत. १८९७ सालच्या प्लेगांत मुंबईपुण्याकडे घरांमागून घरें चुन्यानें पांढरीं करण्यांत आलीं, तीं याच भरंवशावर. प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो हें पुढें सिद्ध झालें, तेव्हां त्या रोगावर चुना हा खरा इलाज नव्हता हें उघड झालें; तथापि चुन्याची स्वच्छता त्यामुळें खोटी ठरत नाहीं.

पांढऱ्याचा कंटाळा आला तर त्याच चुन्यांत गेरू किंवा पिवडी मिसळीत. हे मातीचेच रंग. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांतहि मुख्यतः गेरू, पिवडी, हिरवी माती आणि काजळी यांचाच उपयोग केलेला आहे; आणि तीं चित्रें दीड हजार वर्षांनींहि आपण पाहूं शकतों. यावरून आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असा निष्कर्ष काढणें मात्र बरोबर नव्हे. हरताळ हा सोमलाचा, आणि शेंदूर व सफेता हे शिशाचे पदार्थ आपल्या चित्रकारांच्या परिचयाचे होते. ते महाग असल्यामुळें साध्या माणसाच्या भिंतीवर चढले नाहींत, इतकेंच. गरिबीनें येथें ज्ञानाचें काम केलें. चुन्याचे दोषहि खरेच आहेत. तो कपड्यांना लागतो, ओल आली कीं त्याचे पोपडे सुटतात, आणि वरचेवर नवा हात द्यावा लागतो. म्हणून अधिक तेजस्वी आणि अधिक टिकाऊ रंगाचा शोध करावा असें माणसाला वाटलें, यांत नवल नाहीं. त्या शोधाची हकीकत मुख्यतः युरोपांत घडली.

प्रथम तेजाची गोष्ट. १७७५ मध्यें स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यानें तांबें आणि सोमल यांच्या संयोगानें एक नवा हिरवा रंग तयार केला. १८१४ च्या सुमारास जर्मनींत श्वाइनफुर्ट येथें त्याच जातीचा, पण पाचूसारखा झळकणारा दुसरा रंग निघाला. भिंतींना चिकटविण्याच्या छापील कागदांवर हे रंग झपाट्यानें पसरले, आणि सोमल मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत व मुलांच्या निजावयाच्या खोल्यांत येऊन बसला. अशा खोल्यांना ओल आली कीं एक चमत्कारिक वास सुटतो व तेथें राहणारीं माणसें आजारी पडतात, असा इशारा लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञानें १८३९ मध्येंच दिला होता. पुढें १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत इटालियन संशोधक बार्तोलोमेओ गोसिओ यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, विशिष्ट बुरशी सोमलयुक्त पदार्थांवर वाढली म्हणजे त्यांतून सोमलाचा वायु निघतो. त्या वायूपेक्षां कागदावरून झडणारी धूळच अधिक घातक असावी, असें अलीकडील कांहीं संशोधकांचें मत आहे. खापर कोणावरहि फोडलें, तरी मूळ दोष रंगाचाच.

विल्यम मॉरिससारख्या थोर कलावंताचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. कामगारांच्या हितासाठीं झगडणारा हा पुरुष. पण त्याच्या सुरवातीच्या कागदांत हा हिरवा सांपडला आहे, आणि सोमल काढणाऱ्या एका मोठ्या खाणींत त्याच्या घराण्याचे भाग होते. १८८५ मधील एका पत्रांत त्यानें डॉक्टरांच्या या भीतीची थट्टाच केली. सौंदर्याची उत्तम जाण असलेल्या माणसालाहि आपल्या भिंतींत काय आहे हें दिसेलच, असें नाहीं. इंग्लंडांत या कागदांवर बंदी घालणारा कायदा झालाच नाहीं. तरीहि ते मागें पडले. कारण वृत्तपत्रें व वैद्य यांच्या लिखाणामुळें गिऱ्हाइकेंच दुकानदाराला विचारूं लागलीं, आणि कारखानदारांना आपला माल सोमलरहित असल्याची जाहिरात करणें भाग पडलें. चौथ्या प्रश्नाचें सामर्थ्य तें हेंच.

परंतु प्रत्येक वेळीं एवढ्यानें भागत नाहीं, हें शिशाच्या इतिहासावरून कळतें. सफेता बनविण्याची जुनी डच पद्धत अशी : शिशाच्या पट्ट्या शिरक्याच्या भांड्यांवर ठेवून त्या घोड्यांच्या लिदींत पुरावयाच्या, आणि कांहीं महिने कोठी बंद ठेवावयाची. शिशावर जी पांढरी साय धरे, तिची पूड म्हणजे सफेता. जवसाच्या तेलांत खलला कीं तो लांकडावर व भिंतीवर दाट बसे, खालचें सर्व झांकी आणि वर्षानुवर्षें टिके. तेव्हां ज्या रंगांत सफेता अधिक, तो रंग उत्तम, असा बाजाराचा दंडकच होता. कमअस्सल रंगांतच अपाय असतो, अशी आपली सहज समजूत असते. येथें मात्र विष अव्वल मालांतच होतें.

तें विष आहे हें अज्ञातहि नव्हतें. शिशाच्या अपायाविषयीं १७८६ मध्यें एका मित्राला लिहितांना बेंजामिन फ्रँक्लिननें असा खेद व्यक्त केला होता कीं, उपयुक्त सत्य ठाऊक होऊनहि तें आचरणांत यावयास फार काळ लागतो. पॅरिसचा रंगकामाचा मक्तेदार लक्लेर यानें आपल्या कामगारांचे हाल पाहून १८४० नंतरच्या दशकांत सफेत्याऐवजीं जस्ताचा पांढरा रंग वापरावयास सुरुवात केली. म्हणजे पर्यायहि हाताशीं होता. पण रंगारी आजारी पडणें हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे, असें समजून समाज स्वस्थ राहिला.

घरांतल्या मुलांवर पाळी आली तेव्हां प्रश्न निराळा झाला. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत १८९० नंतर ब्रिस्बेनच्या डॉक्टरांना लहान मुलांत शिशाच्या विषबाधेचे रोगी वरचेवर आढळूं लागले. प्रथम सांठवणीच्या पाण्यावर संशय गेला. पुढें डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यानें १९०४ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, विष पाण्यांत नसून घराच्या रंगांत आहे. तेथील घरें लांकडी, ओटे मोठे, ऊन कडक. त्या उन्हानें कठड्यांवरील रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांना लागे आणि हातांतून तोंडांत जाई. या निदानाला पुष्कळांनीं विरोध केला; तथापि १९२२ मध्यें, म्हणजे अठरा वर्षांनीं, मुलांचे हात पोंचतील अशा जागीं शिशाचा रंग लावण्यास तेथील कायद्यानें मनाई झाली. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या अंतर्भागासाठीं सफेता वापरूं नये असा करार कांहीं अपवाद ठेवून संमत केला. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्यें. मध्यंतरींच्या काळांत १९१६ च्या सुमारास नॉर्वे व अमेरिका येथें टिटॅनियमचा निर्धोक पांढरा रंग कारखान्यांतून निघूं लागलाच होता. तेव्हां हा विलंब साधनांच्या अभावाचा नव्हे, इच्छेच्या अभावाचा होता, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशाकडे वळलों तर सरकारनें २०१६ मध्यें नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपुढें जाऊं नये असें ठरविलें, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो नियम अमलांत आला. पाण्यांत मिसळणाऱ्या इमल्शन रंगांत शिशाचें भय पूर्वींहि थोडेंच होतें. तें विशेषतः तेलरंगांत, आणि त्यांतहि पिवळ्या, नारिंगी व तांबड्या भडक छटांत असे. पण कायदा नव्या डब्याला लागू पडतो. जुन्या भिंतीवरील थर त्याला ऐकत नाहीं. पुष्कळ जुन्या घरांतून जमिनीपासून चारपांच फुटांपर्यंत तेलरंगाचा पट्टा दिलेला असतो. भिंत पुसतां यावी हा त्याचा हेतु. पण लहान मुलांचा हात पोंचतो तो नेमका याच पट्ट्यावर. शिसें मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाध आणतें, आणि त्याचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें आजचें वैद्यक मुळींच मानीत नाहीं.

तेव्हां चांगला रंग निवडणें म्हणजे काय? डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे कीं नाहीं हें पाहावें. आंतील भिंतींना पाण्यांत मिसळणारा व उग्र वास न येणारा रंग घ्यावा. भिंतीला ओल असेल तर आधीं ती दुरुस्त करावी. कोणताहि रंग ओलीचें औषध नव्हे. जुन्या चुन्याच्या भिंतीला आजहि चुनाच मानवतो, कारण तो भिंतीचा दमटपणा कोंडून ठेवीत नाहीं. जुना तेलरंग काढावयाचा असेल तर तो कोरडा घासूं नये, जाळूं तर मुळींच नये. ओला करून खरवडावा, धूळ ओल्या फडक्यानें टिपावी, आणि काम संपेपर्यंत मुलांना व गरोदर स्त्रियांना दुसरीकडे ठेवावें. ती धूळ आठ तास नाकातोंडांत घेणारा रंगारी हाहि कोणाच्या तरी मुलांचा बाप आहे, याची आठवण घासाघीस करतांना ठेवली तर बरें.

सोमल गिऱ्हाइकांच्या विचारपुशीनें गेला, शिसें कायद्यानें हटलें. पण कायदाहि कोणीतरी आधीं प्रश्न विचारल्यावांचून झाला नाहीं. रंगाची छटा घरांतील कर्तीं माणसें पसंत करितात. त्याचें बरेंवाईट भोगण्याची पाळी बहुधा ज्यांना कोणी विचारीत नाहीं त्यांच्यावर येते. त्यांच्या वतीनें तो चौथा प्रश्न दुकानाच्या पायरीवर आपणच विचारला पाहिजे.